अंजनाचा पाला

वैजापूर तालुक्यात नाव घ्यावं असं जंगल नाही. काळी जमीन, बाजरी, कपाशी, कांदा, वर्षातले बरेच महिने कोरड्या असणाऱ्या नारंगी-सारंगी, रोटेगावचं स्टेशन आणि नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याला पाणी कधी सुटणार याची पारावरची चर्चा, असा आमचा मुलूख. पाऊस हुलकावणी देणार हे धरूनच इथे पेरणी होते. मी इथे सून म्हणून आले, इथल्याच शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं, इथलीच भाकर खाऊन म्हातारी झाले. तरी माझ्या आयुष्यात जे धड झालं त्याचा धागा मागे मागे ओढत गेलं की तो तालुक्याची हद्द ओलांडून ईशान्येला, कन्नडच्या डोंगरात जातो.

गौताळा औट्रमघाट अभयारण्याचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते एकेक बाब लिहून दाखवता येईल असं आहे. माझ्या सासरची बैलजोडी बहात्तरच्या दुष्काळात त्या डोंगराकडच्या पाल्यावर जगली. त्या बैलांमुळे माझं लग्न जुळलं. माझ्या लेकरांच्या बाळगुटीत तिथली मुरडशेंग होती. वर्गात पुस्तकातला धडा संपला की पुढचं शिकवायला मला तोच डोंगर उपयोगी पडला. घेतलेलं निदान लिहून तरी ठेवावं, म्हणून हा लेख.

सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांत, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून हे अभयारण्य पसरलं आहे. १९८६ मध्ये ते घोषित झालं. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. ही रांग पाण्याची वाटणी करते. दक्षिणेच्या उतारावर पडलेला पाऊस शिवना नदीतून गोदावरीत जातो आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तरेच्या कड्यावरून चाळीसगावकडे कोसळलेलं पाणी डोंगरी-तितूर या नद्यांमधून गिरणेत, तिथून तापीत आणि अखेर अरबी समुद्रात जातं. कड्याच्या अंगाला पितळखोऱ्याची दोन हजार वर्षांहून जुनी लेणी आहेत, पायथ्याशी पाटणादेवीचं ठाणं आहे. पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याची नोंद आहे. औट्रम हे नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं. १८२५ पासून त्याने खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. त्या काळात घाटाच्या वर निजामाचं राज्य आणि खाली इंग्रजांचा खानदेश होता. ही सरहद्द पुढे माझ्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

हे जंगल शुष्क पानगळीचं. कोकणातून किंवा महाबळेश्वराकडून आलेला माणूस मार्च-एप्रिलमध्ये इथे उभा राहिला तर त्याला वाटेल, सगळं संपलं. खडक तापलेला, गवत वाळलेलं, फांद्या उघड्या. पण याच दिवसांत पळस आणि पांगारा फुललेला असतो, मोहाचा सडा पडतो, कांडोळाचं पांढरं खोड लांबून चमकतं, सालईच्या बुंध्यावरून कागदी पापुद्रे सुटत असतात. धावडा, खैर, तिवस, मोई, बेहडा, टेंभुर्णी, बेल, मेडशिंग, हिवर, चारोळी ही सगळी झाडं आठ-आठ महिने पावसाशिवाय काढायला शिकलेली. कुणी पानं टाकून पाणी वाचवतं, कुणी खोडात साठवतं, कुणी कंद करून जमिनीखाली जातं. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या माणसाने यांच्याकडून काही शिकलं नाही, तर आणखी कुणाकडून शिकणार?

माझं माहेर कन्नड तालुक्यात, या डोंगराला लागून. शिऊर, देवगाव रंगारी करत एस.टी. कन्नडला जाते. संत बहिणाबाई देवगावला जन्मल्या आणि शिऊरला त्यांची समाधी आहे, त्यामुळे आमच्याकडच्या सासुरवाशिणींना हा रस्ता जवळचा. आमची थोडी जमीन डोंगराकडेला होती, माळरान म्हणावं अशी. तिच्यात पीक बेताचं, पण बांधांवर अंजनाची जुनी झाडं होती. अंजनाचं पान एकदा पाहिलं की विसरत नाही. दोन दळं, देठाशी जुळलेली, वासराच्या खुराचा ठसा उमटावा तशी. झाड उंच, साल करडी आणि चिरफळलेली, फांद्यांची टोकं खाली लोंबणारी. लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. जुन्या लोकांनी त्याचा उपयोग गाडीच्या चाकाच्या तुंब्यांना केला. सालीच्या वाखाचे दोर वळले. आणि पाला, तो गुरांचा.

१९७२ मध्ये पावसाने दगा दिला तेव्हा मी लहान होते. मराठवाड्यात ज्यांनी ते साल पाहिलं त्यांना सांगावं लागत नाही: रोजगाराच्या कामांवर खडी फोडणारी माणसं, मिलोच्या भाकरी, शाळेत वाटलेली सुकडी. वैजापूरकडे विहिरी खरवडल्या तरी पाणी लागेना. माणसं कामावर जाऊन कशीबशी जगली. गुरांचं काय करायचं? कडबा विकत घ्यायला पैसा नव्हता, आणि पैसा असलेल्यांना कडबा मिळत नव्हता. दिवाळीनंतर तिकडची काही माणसं जनावरं घेऊन डोंगराकडे आली. त्यातला एक शेतकरी आमच्या दारी थांबला. खिल्लारी बैलजोडी आणि एक गाय. दूरच्या पाहुण्याच्या ओळखीने आलेला. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो म्हणाला, “पाव्हणं, बैलं तुमच्या हवाली करतो. जगली तर तुमची मेहरबानी, गेली तर माझं नशीब.”

दादांनी त्यांना ठेवून घेतलं. आमच्याकडेही गवत पुरेसं नव्हतं. तेव्हा दादांनी आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या तात्यांनी बांधावरच्या अंजनाला कोयता लावला. तात्या भिल्ल समाजातले. पुढे ते वनखात्याकडे वनमजूर झाले. ते झाडावर चढायचे आणि खालून दादा ओरडले की थांबायचे. त्यांचा नियम ठरलेला: शेंडा राखायचा, मोठी फांदी तोडायची नाही, यंदा ज्या अंगाने पाला काढला त्या अंगाला पुढच्या खेपेला हात लावायचा नाही. “झाड जगलं तर गुरं जगतील,” एवढंच ते म्हणत. हिवाळाभर हिरवा पाला, थोडा वाळवून ठेवलेला. होळीच्या सुमाराला अंजन उघडा झाला, तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. पण चैत्रात, अजून पावसाचा पत्ता नसताना, त्याच झाडांना तांबूस कोवळी पालवी फुटली. खडकात खोल गेलेली त्याची मुळं कुठून पाणी आणतात ते तेव्हा मला कळत नव्हतं. गुरं मात्र उभी राहिली हे दिसत होतं.

१९७३ चा पाऊस झाला आणि तो शेतकरी बैल न्यायला आला. जोडी हाडकली होती, पण औताला जुंपता येईल अशी होती. गाय गाभण होती. तो माणूस बैलांच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ उभा राहिला. मग दादांच्या पाया पडायला वाकला. दादांनी त्याला धरलं आणि अंजनाकडे बोट दाखवलं.

पुढे दोन्ही घरांचं जाणं-येणं राहिलं. मी औरंगाबादला बी.एस्सी. झाले. शिकलेल्या मुलीला स्थळ पाहायचं तर हुंड्याचे आकडे ऐकून दादा गप्प व्हायचे. तेव्हा वैजापूरहून निरोप आला. ते शेतकरी, म्हणजे माझे मामंजी, स्वतः आले आणि दादांना म्हणाले, “ज्या घरानं माझी बैलं राखली, त्या घरची लेक माझ्या घरात आली तर मला आणखी काय पाहिजे? नारळ आणि मुलगी द्या.” तसंच झालं. मामंजी असेपर्यंत आमच्या घरी पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लागलं की ते माझ्या माहेरचं नाव काढायचे. आपल्याकडे ऋणानुबंधाच्या गाठी वर बांधल्या जातात म्हणतात. माझी गाठ अंजनाच्या फांदीवर बांधली गेली, आणि ती घट्ट निघाली.

बाळंतपणाला मी माहेरी गेले. आजीने दोन गोष्टी आधीच आणून ठेवल्या होत्या: लाडवांसाठी धावड्याचा डिंक आणि गुटीसाठी मुरडशेंग. धावड्याचा डिंक चांगला तापलेल्या तुपात टाकला की फुलून पांढरा होतो. तो चुरून खारीक-खोबऱ्यात मिसळायचा. मुरडशेंग मी लहानपणापासून पाहत आले होते, पण आजीच्या हातात ती पहिल्यांदा नीट पाहिली. पाच शेंगा एकमेकींभोवती पिळलेल्या, वाळून तपकिरी झालेल्या, वर बारीक लव. सहाणेवर दुधाचे थेंब टाकून आजी ती उगाळायची, मग हळकुंड, वेखंड, सुंठ, बेहडा. प्रत्येकाचे वेढे वेगळे मोजायची. बाळाच्या वयाप्रमाणे कुठलं एक वेढा, कुठलं दोन, ते तिला पाठ. कुठल्या झुडपाची शेंग घ्यायची, किती पक्व, हेही ती सांगायची, आणि दर वेळी बजावायची, “सगळ्या तोडू नको, पाखराला आणि मातीला ठेव.” मुरडशेंगेची लाल फुलं पावसात येतात. त्यांच्यावर पक्षी मधासाठी झेपावतात. हे मी पुढे विद्यार्थ्यांना दाखवलं, पण मला ते आजीने दाखवलं होतं.

झाडं ओळखायला शिकवलं तात्यांनी. त्यांचं शिकवणं कुठल्याही कॉलेजात नव्हतं. “पान बघून कुणीही झाड सांगतं, पोरी. पान नसताना सांग,” असं ते म्हणायचे आणि ऐन उन्हाळ्यात मला डोंगरात न्यायचे. सालीवर हात फिरवायला लावायचे. सालईची साल बोटाला सुटते आणि वास येतो. धावड्याची गुळगुळीत, फिकट, चट्ट्या-चट्ट्यांची. टेंभुर्णीची काळी, चौकोनी भेगा पडलेली. खैराची खडबडीत, धज्ज्या सुटलेली. मोईचा चीक कुठून येतो, कांडोळाच्या फळाला हात का लावायचा नाही, कारण त्याच्यावरची लव टोचते. रोशा गवत चुरगाळून नाकाशी धरायला सांगायचे. खानदेशात या गवताचं तेल काढायचा मोठा व्यवसाय होता. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना ते तेल अजून आठवतं.

एका श्रावणात त्यांनी मला खर्पुडी दाखवली. खडकाच्या कपारीत, गवतातून वर चढलेला बारीक वेल, मांसल पानं. आणि एक फूल, बोटाच्या पेराएवढं. खाली फुगीर, मध्ये अरुंद नळी, वर पाच जांभळट पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, त्यांच्यामध्ये फटी. तात्यांनी काडीने नळी अलगद चिरली. आत बारीक केस होते, टोकं खाली वळलेली, आणि तळाशी दोन चिलटं जिवंत फिरत होती. फटीतून आत शिरलेलं चिलट त्या केसांमुळे वर येऊ शकत नाही. ते आत फिरतं, परागांचे पुंजके त्याला चिकटतात. फुलाचं काम झालं की केस सुकतात, फूल कलतं आणि चिलट सुटून दुसऱ्या फुलाकडे जातं. हे शास्त्र मी नंतर वाचलं. तात्या एवढंच म्हणाले, “मारत नाही, कामाला लावून सोडतो.” गुराखी पोरं या वेलीचा कंद उकरून खायची. तात्यांनी कंदावर पुन्हा माती लोटली आणि मला म्हणाले, “बघायचं, ठेवायचं.” मी ते दोन शब्द पुढे किती तरी वर्षं वर्गात वापरले.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना मला एक गोष्ट खटकायची. आमच्याकडे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो जुना आधारग्रंथ वापरत, थिओडोर कुक यांचा, तो १९०१ ते १९०८ या काळात निघाला. मोठं काम. पण तो मुंबई इलाख्याचा. म्हणजे औट्रम घाटाखालचा खानदेश त्यात आला, आणि घाटावरचं कन्नड, माझं माहेर, निजामाच्या हद्दीत असल्यामुळे राहिलं. झाड तेच, डोंगर तोच, पण राज्याची रेघ मधून गेली म्हणून अर्धा डोंगर पुस्तकाबाहेर. मराठवाड्याच्या वाट्याला आलेलं मागेपण कुठे कुठे पोचलं होतं, ते यातून कळावं. ही उणीव भरून काढली डॉ. व्ही. एन. नाईक यांनी. मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवताना त्यांनी हा सगळा प्रदेश पालथा घातला. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ दोन खंडांत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मी नोकरीत होते तेव्हा. ते खंड हाती आले त्या दिवशी मी आधी अंजन काढून पाहिला, मग मुरडशेंग, मग खर्पुडी. तात्यांनी दाखवलेली झाडं शास्त्रीय नावासह, वर्णनासह, ओळीने उभी होती. ज्या मातीतली माणसं दुष्काळ आणि मागासलेपण यासाठीच ओळखली जात, तिची वनसंपदा कुणी तरी पान न पान मोजून जगापुढे ठेवली. नाईक सरांचं हे ऋण मराठवाड्यातल्या प्रत्येक विज्ञानशिक्षकावर आहे, आणि ते मी हात जोडून मान्य करते.

आता जे लिहायचं आहे ते आमच्याकडे फारसं कुणी लिहीत नाही. ज्या वर्षी वैजापूरची गुरं आमच्या दारी आली, त्याच १९७२ मध्ये देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढे १९८६ मध्ये गौताळ्याचं अभयारण्य झालं आणि डोंगराकडेच्या गावांचं जगणं बदललं. ज्या रानात पिढ्यान् पिढ्या गुरं चरली, तिथे चराईला बंदी आली. मोळी आणायची नाही, डिंक काढायचा नाही, टेंभुर्णीचं पान तोडायचं नाही. माझ्या भावाने गुरं विकली. दावणीला दोन म्हशी बांधल्या आणि घासाचा वाफा केला. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्या तांड्यांवरच्या आणि वस्त्यांवरच्या लोकांना याहून जड गेलं. कित्येक जण ऊसतोडीला गेले. रोही आणि रानडुकरं रात्रीतून उभं पीक लोळवून जातात. भरपाईचा अर्ज करून वाट पाहावी लागते. हे सगळं त्यांनी सोसलं, रागावले, भांडले, पण डोंगर उभा राहिला. तात्यांसारखे कितीजण वनमजूर होऊन त्याच रानाची राखण करू लागले. फेब्रुवारी उजाडला की जाळरेषा काढायच्या, मार्च-एप्रिलमध्ये वणवा दिसला की झाडपाल्याचे झोडपे घेऊन धावायचं, रात्री-बेरात्री. हातावर फोड घेऊन आलेल्या तात्यांना मी पाहिलं आहे.

अभयारण्य सरकारी कागदावर होतं, पण राखलं जातं ते अशा माणसांच्या पोटाला चिमटा घेऊन. आम्ही मैदानातली माणसं श्रावणात सीताखोरीचा धबधबा पाहायला जातो, फोटो काढतो, परत येतो. त्या डोंगरावर जिरलेलं पाणी, अडलेली माती, थांबलेला वारा यांचा लाभ गोदाकाठापर्यंत पोचतो. किंमत मात्र पायथ्याच्या गावांनी दिली. माझ्या दृष्टीने गौताळ्याचं ऋण दुहेरी आहे: झाडांचं, आणि ज्यांनी आपला हक्क आखडता घेतला त्या माणसांचं.

मग फेडायचं कसं? मला शाळा होती, मुलं होती. सामाजिक वनीकरणाच्या काळात आमच्याकडे लावलेली झाडं म्हणजे सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प. पटकन वाढतात, कागदावर हिरवळ चटकन दिसते. मुलांना झाड म्हटलं की हीच नावं यायची. मी हरित सेनेच्या मुलांना घेऊन आमच्या मुलखाची झाडं लावायचं ठरवलं. अभयारण्यातून बी आणायला कायद्याने मनाई आहे, वाळलेलं पानही उचलायचं नाही, हे मी पहिल्या दिवशी मुलांना सांगितलं. बी यायचं माहेरच्या बांधावरून. ज्या अंजनांनी मामंजींचे बैल जगवले, त्यांच्याच शेंगा. अंजनाची शेंग चपटी, पातळ, टोकाशी एकच बी. वाळली की वाऱ्यावर तरंगत जाते. दर वर्षी भरपूर धरत नाही. चांगलं धरण्याचं वर्ष काही वर्षांनी एकदा येतं, तेव्हा गोळा करून घ्यावं लागतं.

मुलांना कुसळ शिकवायलाही मी त्याच माळावरचं गवत वापरलं. कुसळी गवताचं बी कपड्यात घुसतं म्हणून सगळ्यांना त्याचा राग. एक कुसळ बशीत ठेवायचं आणि त्याच्या पिळावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे. वर्गभर शांतता. क्षणभर काही होत नाही, मग ते कुसळ हळूहळू फिरू लागतं. पीळ उलगडत जातो, मधला कोपरा सरळ होतो, टोकदार बी बशीवर सरकतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. पहिल्या पावसात भिजणं, उन्हात वाळणं, या ओढाताणीत हे बी स्वतःला जमिनीत भोसकून घेतं. मागे वळलेले केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. वणवा वरून गेला तरी ते आत सुरक्षित. पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यांची ती मुलं. त्यांनी हे पाहिलं आणि एकजण म्हणाला, “बाई, हे तर आपल्याआधीच पाभर शिकलंय.”

अंजनाच्या रोपांनी मात्र मुलांचा धीर पाहिला. जूनमध्ये रुजतात, पण वर्ष झालं तरी वर वीतभर वाढ. उन्हाळ्यात शेंडा वाळतो, पावसात पुन्हा फुटतो. मुलं म्हणायची, मेलं. मी पिशवी फाडून मूळ दाखवलं: तळाशी पोचून गोल गोल फिरलेलं. हे झाड आधी खाली जातं, खडकातली फट शोधतं, पाण्याची सोय लावतं, मग वर यायचा विचार करतं. म्हणून अंजनाला नेहमीची आखूड पिशवी चालत नाही, लांब पिशवी लागते, आणि शक्य असेल तर बी थेट जागेवर टोचलेलं चांगलं. धावड्याचं बी मूठभर पेरलं तरी फार थोडं रुजतं. सालईचा दांडा पावसाच्या तोंडावर रोवला की फुटतो. पळस, बेहडा, शिवण, बेल, आपटा सहज येतात. ही माहिती सरकारी पत्रकातून नव्हे, तर मुलांनी हात घालून मिळवली, म्हणून ती टिकली. त्यातली काही मुलं आज चाळिशीकडे आली. त्यांच्या बांधांवर अंजन आहे.

आजचा गौताळा पूर्वीपेक्षा काही बाबतींत दाट आहे आणि काही बाबतींत अडचणीत. घाणेरी मोकळ्या जागा व्यापते, तिच्याखाली गवत उगवत नाही. गाजरगवत रस्त्याच्या कडेने आत शिरतं. पावसाळ्यात गर्दी होते, प्लास्टिक राहतं, कळलावीची आणि रानहळदीची फुलं खुडली जातात. उन्हाळ्यात कुणी तरी विडी टाकतं आणि गवताचा डोंगर पेटतो. तरी जंगलाने आपली ताकद दाखवून दिली आहे. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ गौताळ्यातल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. बिबट्या, अस्वल, तरस, लांडगा, चौसिंगा तिथे आहेतच, पण वाघाचं तिथे दिसणं कित्येक दशकांनी घडलं. शेतं, रस्ते, गावं ओलांडत येणाऱ्या त्या जनावराला उतरायला एक राखलेला डोंगर मिळाला. आमच्या बैलांना मिळाला होता तसाच.

वैजापूर, गंगापूर, येवला, कन्नड या पट्ट्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. गौताळ्याला जरूर जा, पण तिथून फूल, बी, कंद काही आणू नका आणि तिथे काडी पेटवू नका. पायथ्याच्या गावात थांबा, तिथल्या माणसाला वाटाड्या म्हणून घ्या, त्याला त्याच्या ज्ञानाचा मोबदला द्या. आणि परत आल्यावर आपल्या बांधावर, शाळेच्या आवारात, स्मशानभूमीच्या कडेला, पाझर तलावाच्या भरावाखाली आपल्या मुलखाची झाडं लावा. राखलेलं जंगल एका डोंगरावर कोंडून राहिलं तर ते फार काळ टिकणार नाही. त्याची झाडं पुन्हा मैदानात उतरली पाहिजेत. पुढचा दुष्काळ आला तर गुरं न्यायला डोंगर आता मोकळा नाही. पाला आपल्याच बांधावर असायला हवा.

एप्रिल-मेमध्ये बांधावरच्या अंजनाखाली शेंगा पडतात. मालकाला विचारून गोळा करा, सावलीत वाळवा आणि पहिला चांगला पाऊस झाला की लावा. अंजनाचं ताजं बी चांगलं रुजतं, जुनं होत गेलं की त्याची ताकद उतरते. म्हणून यंदाचं बी यंदाच लावावं.